हाताची वाटी

८ नोव्हेंबर १९५४, सोमवार

आज मी सासूला मारलं. दोन्ही हातांनी, पाठीत, तात्यांच्या देखत! आणि त्या गप पडून राहिल्या.

शनिवारी सासूबाईंना, आक्कांना, मिरजेला दाखवून आलो. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, क्षय नाही. ऐकून तात्या — माझे सासरे — बसल्या जागी रडले. पाच वर्षं सगळ्या गल्लीनं आक्कांना क्षयी ठरवून टाकलंय. पण क्षय नाही म्हणजे सुटलो, असंही नाही! छातीतल्या नळ्या ढिल्या पडून रुंद झाल्यात. त्यांत कफ साचतो, कुजतो, आपणहून वर येत नाही. तो रोज काढायचा. औषधानं नव्हे — हातानं.

तिथल्या सिस्टर हे काम विलायतेत शिकून आल्यात. बोलतात मात्र आपल्यासारख्याच. मला म्हणाल्या, "हाताची वाटी करा. बोटं मिटून. सपाट हात पडला की चापट बसते, वाटी पडली की आवाज पोकळ येतो." पलंगाच्या पायथ्याखाली विटा घालायच्या, म्हणजे डोकं उतरतं. माणूस पालथा. मग बरगड्यांवर थापत खालून वर यायचं, मग त्यांनी लांब श्वास घ्यायचा, मग खोकायचं. सकाळी आणि संध्याकाळी. "खंड पडू द्यायचा नाही हं," असं दोनदा म्हणाल्या. "साचलं की ताप, आणि ह्या वयात ताप सोसणार नाही."

आक्कांना हे काही रुचलेलं नाही. सिस्टरनं अंगाला हात लावला म्हणून घरी आल्या आल्या डोक्यावरून अंघोळ! आज पालथ्या झाल्या आणि म्हणाल्या, "वटवाघूळ केलंत माझं." मी नुसतीच बोटं टेकवत होते. लग्नाला चार वर्षं झाली, त्यांच्या पायांखेरीज कुठं हात लावलाय मी? त्याच म्हणाल्या शेवटी, "मार की. गोंजारतेस काय!"

आलं मात्र. हिरवं, घाण वासाचं, राखेच्या डब्यात एवढं! माणसाच्या आत एवढं मावतं?

९ नोव्हेंबर

झुंबरबाई सकाळी दारात म्हैस पिळायला बसली आणि तिथनंच ओरडली, "काय वं वैनीसाब, म्हातारीला बडवतायसा व्हय? पार कोपऱ्यापतुर आवाज येतोय की!" मी समजावून सांगायला लागले तर हिला हसू आवरेना. "आवं बडवा, बडवा! एवढ्या गल्लीत एका तरी सुनेची हौस फिटूं दे."

मेले लाजेनं! आत आक्कांनी ऐकलं. वाटलं, आता संपलं, पुन्हा हात लावू देत नाहीत. तर त्या उशीत तोंड खुपसून हसत होत्या. हसल्यानं ठसका लागला आणि ठसक्यानं आणखी निघालं.

१२ नोव्हेंबर

आक्का आडव्या झोपल्या. आडव्या! पाच वर्षं लोडाला टेकून बसल्या बसल्या झोपतात.

१५ नोव्हेंबर

उद्या-परवा मला बाजूला बसावं लागणार. सगळा दिवस हेच डोक्यात.

मिरजेत सिस्टरना हे विचारायचं सुचलंच नाही. आणि विचारणार कसं, तात्या शेजारी उभे! आमच्या ह्या घरात चार दिवस म्हणजे चार दिवस. पडवीतल्या खोलीत बसायचं, ताट उंबऱ्याच्या आतून सरकवतात, माझ्या सावलीलासुद्धा आक्का बगल देतात. पूजा त्यांची, सोवळ्यातला स्वयंपाक त्यांचा, त्यांच्या देवाला कसलं बोट लागायला नको. मग पाठ कोण थापणार? हे मलकापूरला शाळेत मास्तर, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटेच्या एस्टीनं जाणार.

तात्यांना विचारलं. म्हणाले, "मी करीन की. त्यात काय अवघड आहे?"

१८ नोव्हेंबर

पडवीत.

तात्यांचं थापणं इथं ऐकू येतं. येतं म्हणजे, येतच नाही. आक्का म्हणतात, "अहो, मला झोपवताय का काय?" तात्या म्हणतात, "माझ्यानं नाही होत. पन्नास वर्षांत तुझ्यावर हात उगारला नाही." भले! नेमका आत्ता उगारायचा होता. झुंबरबाई दाराशी म्हणाली, "मी देतो की दोन रट्टे" — तर आक्कांनी तिच्याकडे असं बघितलं म्हणे की ती म्हैस घेऊन निघूनच गेली.

काल डबा कोरडा. आज कोरडा. सिस्टरचं ते "साचलं की" कानातून जात नाही.

२२ नोव्हेंबर

रात्रभर ताप. आज ओठ निळे. मी कालच न्हाऊन आत आले होते, थापलं, पण चिकट झालंय, हलेना. आमचे गल्लीतले डॉक्टर येऊन पेनिसिलीन टोचून गेले. जाताना तात्यांना बाहेर ओट्यावर नेऊन म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही." मी दाराआड होते.

आक्का म्हणतात, देवाची मर्जी. देवाची कसली! माझ्या चार दिवसांची मर्जी. पण हे बोलायचं कुणाजवळ?

५ डिसेंबर, रविवार

वाचल्या. पंधरवडा लागला. परत आडव्या झोपतात.

ह्यांना म्हटलं, "पुढच्या खेपेला काय करायचं?" म्हणाले, "काहीतरी करू." ह्यांचं "काहीतरी करू" म्हणजे काय ते मी चार वर्षं बघतेय. आज सकाळी स्वतः थापायला गेले आणि अशी ताकद लावली की आक्कांच्या बरगडीवर काळंनिळं आलं. वाटी करा म्हणून मी ओरडतेय, हे चापटा मारतायत! शाळेत पोरांना मारून मारून हात तसाच वळलाय.

१४ डिसेंबर

आलं. सकाळी अंघोळीच्या वेळीच कळलं.

कुणाला सांगितलं नाही, बाजूला बसले नाही. ओल्या केसांनी गेले आणि आक्कांना थापलं.

१६ डिसेंबर

भीतीनं मी अर्धी झालेय. दिवसभर कुणी हाक मारली तरी दचकते. जुन्या लुगड्याच्या घड्या मागच्या परड्यात धुते आणि वर परकर पसरून वाळवते. वारा सुटला की धावते! देवघरात पाऊल टाकलं नाही. तात्यांना म्हटलं, दिवा तुम्हीच लावा, माझे हात तेलकट आहेत. काल म्हटलं, ओले आहेत. आज काय म्हटलं ते आठवतसुद्धा नाही.

पण आक्कांना शिवते. दोन वेळा, सबंध पाठीला. त्यांचं पाणी भरते. मग त्या तशाच पूजेला बसतात. अंबाबाई, तुला नाही शिवले गं. एवढं तरी मोज. त्यांना काही झालं तर पाप माझ्या माथी, आणि नाही थापलं आणि त्या गेल्या तर ते कुणाच्या माथी?

२० डिसेंबर

काही झालं नाही! देव कोपला नाही, घर पडलं नाही. आक्का आज फाटकापर्यंत चालत गेल्या आणि झुंबरबाईला, दुधात पाणी घालतेस म्हणून, एका श्वासात झाडलं. एका श्वासात! मी आत उभी राहून रडले. आनंदानंच बहुतेक.

१४ जानेवारी १९५५, शुक्रवार

आज संक्रांत. काय लिहू!

ह्याही खेपेला लपवलं. पण नेमकी आज बाया यायच्या होत्या. बाराव्या शतकात जन्माला आल्यासारख्या सगळ्या कडक, आणि मी त्यांना हळदीकुंकू लावतेय. माझ्या ह्या हातानं! प्रत्येकीच्या कपाळाला बोट टेकताना वाटत होतं, आता ही किंचाळणार. कुणी किंचाळलं नाही. तिळगूळ घेतला, आक्कांना चांगलं बसलेलं बघून तोंडात बोटं घातली आणि गेल्या.

सगळ्या गेल्यावर आक्का म्हणाल्या, "दार लोटून घे. बस इथं." बसले. माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "पद्मा, किती दिवस लपवणार होतीस माझ्यापासून?"

संपलं, मी मनात म्हटलं.

"मला काय कळत नाही होय? आजारी असले म्हणून आंधळी नाही. नोव्हेंबरनंतर तू बाजूला बसलेली नाहीस. डिसेंबर गेला, हा महिना चालला. देवघरात यायला काचकूच करतेस. तोंड उतरलंय. परवा परड्यात धावत गेलीस, ओकायलाच ना?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. माफी मागायलाच! शब्दही तोंडात आले होते. तर त्यांनी मला वरच्या वर धरलं, जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "वाकू नकोस अशी आता. जपून."

मग कळलं! त्यांना वाटतंय मला दिवस गेलेत.

माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "मला वाटलं होतं बघायलाच मिळत नाही." डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. निघायला हवा होता. तेव्हाच, तिथंच. नाही निघाला.

१५ जानेवारी

ह्यांना तात्यांनी स्टँडवरच गाठून सांगितलं. घरात आले ते पेढे घेऊन! मी खोलीत नेऊन खरं काय ते सांगितलं. पेढ्याचा पुडा परत दोऱ्यानं बांधून ठेवला. मग म्हणाले, "दोन दिवस राहू दे असंच. आक्का किती खूश आहे बघ." मी म्हटलं, "दोन दिवसांनी काय पोर होणार आहे?" तर म्हणाले, काहीतरी करू.

१६ जानेवारी

ज्याची कल्पनासुद्धा आली नव्हती ते झालं. सकाळी थापायला गेले, तर आक्कांनी हात धरला. "आता हे बंद. विटा उचलतेस, ओणवी होतेस, दणादण हात चालवतेस. पहिलटकरणीनं असलं करायचं नसतं."

"आक्का, खंड नको म्हणाल्यात सिस्टर."

"त्यांना काय पोरंबाळं आहेत? मला कळतं."

मी बाजूला बसले नाही ते त्यांची पाठ थापता यावी म्हणून. आणि बाजूला बसले नाही म्हणूनच आता पाठीला हात लावू देत नाहीत! असली फजिती जगात कुणाची झाली असेल?

२० जानेवारी

शिरोळहून आईनं एस्टीच्या कंडक्टरबरोबर डिंकाचे लाडू पाठवले. तिथंवर पोचलं! आईला काय वाटत असेल. लाडू आक्का स्वतः मला भरवतात. गिळवत नाही.

तात्या थापतात. म्हणजे थापटतात. आक्का स्वतः बरगड्यांवर हात ठेवून लांब श्वास घेतात, सिस्टरनं सांगितल्यासारखा, पण आतनं खरखर ऐकू येते. भाजीला फोडणी दिलेली असली तरी ती खरखर मला चुलीपाशी ऐकू येते.

२५ जानेवारी

डबा कोरडा. कपाळ गरम. विचारलं तर म्हणतात, "मला आता काही होत नाही. नातवाला मांडीवर घेतल्याशिवाय मी जायची नाही." आणि टोपडं शिवायला बसल्या आहेत. दर चार टाक्यांना दम लागतो.

सांगायला हवं. सकाळी ठरवते आणि त्यांचं तोंड बघितलं की पाणी पाणी होते. सांगितलं तर नातू गेला, सोवळं गेलं, दोन महिन्यांची पूजा गेली. एका तोंडानं तिन्ही कशी काढून घेऊ त्यांच्याकडून? आणि नाही सांगितलं तर त्याच जातील. मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. झुंबरबाई बघून म्हणाली, "पोरगाच हाय बगा. आईला वाळवतोय."

२९ जानेवारी, शनिवार

बोलले. बोलले म्हणजे — ओरडले.

दुपारी जेवणं होत होती. आक्कांना ठसका लागला आणि थांबेचना. काहीतरी गच्च वर येऊन अडकलं. श्वास आत जाईना, बाहेर येईना. डोळे पांढरे झाले, ओठ जांभळासारखे. तात्या नुसते "अगं, अगं" करत उभे. मी ताट लाथाडून उठले. काखेत हात घालून त्यांना पलंगावर आणलं, कडेवरून अर्धं अंग खाली सोडलं आणि थापायला लागले. त्या अवस्थेतही एका हातानं मला ढकलतायत! "पोट — पोटाला लागेल — सोड —"

"नाही काही पोटात!" मी ओरडले. "काही नाही! मी बाजूला बसले नाही, एवढंच! मला पाळी येते, दर महिन्याला येते, आणि मी तुम्हाला शिवत होते! आता खोका! खोका म्हणते ना!"

हात थांबवले नाहीत. वाटी सुटू दिली नाही. केव्हातरी तो गोळा फरशीवर पडला आणि आक्कांनी असा श्वास ओढला की तात्या मटकन खालीच बसले.

आक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. संध्याकाळी हे आले. ह्या खेपेला पेढे नव्हते.

३० जानेवारी

पहाटे उठून आक्कांनी थंड पाण्यानं अंघोळ केली. डोक्यावरून. अंगात ताप असताना! नंतर सगळे देव ताम्हनात काढले आणि दोन तास घासत बसल्या. मी दारातून म्हटलं, "आक्का, थंडी वाजेल." वर बघितलं नाही. शिवलेलं टोपडं मात्र फडताळात दिसत नाही.

२ फेब्रुवारी

बोलत नाहीत. शिवू देत नाहीत. मी गेले की पदर आवरून घेतात. औषध तात्यांच्या हातून.

राहा म्हणावं तशाच! मीही काही दगड नाही. कुणासाठी केलं मी हे सगळं? माझ्या हौसेसाठी? बसा कवटाळून ते सोवळं आणि मरा — नाही नाही, असं लिहू नये. देवा, हे धरू नकोस. पण राग येतो! आणि रागापेक्षा भीती जास्त. रोज सकाळी जाग आली की आधी कान देते, खोकल्या का.

सोमवारी जाताना ह्यांनी विचारलं, "मी बोलू का तिच्याशी?" मी म्हटलं, बोला की. अजून बोलतायत.

६ फेब्रुवारी

परत ताप. डॉक्टर टोचून गेले. तात्यांनी हात जोडून सांगितलं, "अगं, तिला थापू दे." आक्का म्हणाल्या, "मला विचार करू द्या." विचार! छातीत पू भरतोय आणि ह्या विचार करतायत.

८ फेब्रुवारी

आलं. ह्या खेपेला सरळ तात्यांना सांगून पडवीत येऊन बसले. आता लपवायचं कुणासाठी?

भिंतीपलीकडून खोकला येतो. कोरडा, तुटक. मधेच थांबतो तेव्हा माझाही श्वास थांबतो. परत आला की सोडते. दिवसभर हेच. चार दिवस त्या काढतील असं वाटत नाही.

९ फेब्रुवारी

सकाळी पडवीचं दार ढकलून आक्का आत आल्या. काखेत उशी. दुसऱ्या हातात राखेचा डबा. उंबऱ्यावर दम खायला थांबल्या, मग सरळ येऊन माझ्या खाटेवर बसल्या. मी अंग चोरून भिंतीला चिकटले. पाठोपाठ तात्या धावत, "अगं शिवशील! ती बाहेरची आहे!"

"मीपण," आक्का म्हणाल्या. "मला कावळा शिवलाय."

"अगं, बासष्टावं लागलं तुला —"

"मग? कावळ्याला काय वय कळतं? चार दिवस दोघींची ताटं इकडं सरकवा. आणि देवाला सांगा मी बाहेरची आहे, पूजा तुम्ही करा." मग मला म्हणाल्या, "बघत काय बसलीस? विटा घे."

आणि पालथ्या झाल्या.